कंपनीच्या नावाने खेळणारे क्लब : लागोसविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्याच्या अंकात पश्चिम आफ्रिकेतील राजधान्यांच्या फुटबॉलविषयी लिहिताना लागोसच्या ‘स्टेशनरी स्टोअर्स’ या क्लबाचा उल्लेख ओझरता आला होता. कागद आणि कचेरीचे सामान विकणाऱ्या कंपनीचा हा संघ देशातील अग्रगण्य संघांपैकी एक होता, एवढेच तेथे म्हटले होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. काही प्रश्न एकमेकांत मिसळून, तर काही थोडे संक्षिप्त करून घेतले आहेत.

प्रश्न : नायजेरियाची राजधानी अबुजा आहे. मग लागोसच्या क्लबांना आपण ‘राजधानीचे क्लब’ का म्हटले? आणि कंपन्यांनी फुटबॉल संघ पोसण्याची प्रथा तेथे मुळात आली कोठून? (वाचक, ठाणे)

राजधानी अधिकृतपणे अबुजाला गेली ती १२ डिसेंबर १९९१ रोजी. आपण ज्या क्लबांविषयी बोलत आहोत ते सर्व लागोस राजधानी असताना जन्मले आणि वाढले, आणि हा योगायोग नव्हे. राजधानी म्हटली की मंत्रालये, रेल्वेचे मुख्यालय, बंदराचा कारभार, वीज महामंडळ, बँका आणि परदेशी व्यापारी कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या एकाच शहरात येतात. त्या प्रत्येकीकडे शेकडो तरुण कर्मचारी असतात आणि संध्याकाळी खेळायला बाहेर पडणारे हेच तरुण पुढे खात्याचा संघ होतात.

१९४५ मध्ये ‘गव्हर्नर्स कप’ या नावाने सुरू झालेल्या आणि पुढे ‘चॅलेंज कप’ म्हणून ओळखल्या गेलेल्या स्पर्धेच्या विजेत्यांची यादी पाहिली तरी ही गोष्ट लक्षात येते. पहिल्या वर्षी लागोसचा मरीन हा संघ जिंकला. लागोस रेल्वेने १९४६ ते १९६४ या काळात हा चषक सात वेळा नेला. इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशनच्या संघाने, म्हणजे ईसीएनने, १९६०, १९६५ आणि १९७० असा तीनदा चषक जिंकला. या संघांतील खेळाडू कागदोपत्री कारकून, फिटर, भांडारपाल असत. सरावासाठी त्यांना कामातून सवलत मिळे, आणि गुडघा निकामी झाला तरी नोकरी शिल्लक राहण्याची आशा असे. व्यावसायिक फुटबॉलचा पत्ता नसलेल्या काळात ही व्यवस्था खेळाडूच्या दृष्टीने वाईट नव्हती, उलट गावाकडून आलेल्या मुलाला पगारी नोकरीचा याहून जवळचा मार्ग क्वचितच सापडला असता.

इंग्लंडमध्ये व्यावसायिक म्हणून खेळलेला पहिला नायजेरियन, तेस्लिम ‘थंडर’ बालोगुन, लागोसच्या अशाच खात्यांच्या आणि कंपन्यांच्या संघांतून वर आला. १९४९ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या नायजेरियाच्या संघात तो होता. त्या संघातील बहुतेक जण अनवाणी खेळले. आदल्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये आपले खेळाडूही बूट न घालता मैदानात उतरले होते, हे जुन्या वाचकांना आठवेल.

प्रश्न : वह्या-कागद विकणाऱ्या दुकानदाराने देशातला नामवंत क्लब कसा उभा केला? त्याला त्यातून काय मिळाले? (वाचक, सांगली)

‘दुकानदार’ हा शब्द थोडा कमी पडेल. इस्रायल अदेबाजो हे लागोसमधील मोठे उद्योजक होते. स्टेशनरी स्टोअर्स ही त्यांची कंपनी कचेऱ्यांना लागणारे सामान पुरवत असे, आणि नव्याने स्वतंत्र होऊ घातलेल्या देशाच्या राजधानीत, जिथे दर महिन्याला नवी कचेरी उघडत होती, तिथे हा धंदा तेजीत असणे स्वाभाविक होते. १९५८ मध्ये त्यांनी कंपनीच्याच नावाने संघ काढला. म्हणजे ज्या काळात रेल्वे, बंदर, वीज अशी सरकारी खाती किंवा ब्रिटिश कंपन्या मैदानावर राज्य करत होत्या, त्या काळात एका आफ्रिकी माणसाच्या स्वतःच्या कंपनीचा संघ त्यांच्यासमोर उभा राहिला. माझ्या मते या क्लबाच्या लोकप्रियतेचे पहिले कारण हेच आहे. रेल्वेचा संघ जिंकला तर तो सरकारचा विजय असे. ‘स्टोअर्स’ जिंकले तर तो लागोसकरांना आपल्यातल्या एकाचा विजय वाटे.

दुसरे कारण अर्थातच खेळ. १९६७ आणि १९६८ अशी सलग दोन वर्षे त्यांनी चॅलेंज कप जिंकला. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जुलै १९६७ ते जानेवारी १९७० या काळात देशात यादवी युद्ध चालू होते. बियाफ्रा म्हणून वेगळा झालेला पूर्वेकडील प्रदेश, जिथून पोर्ट हार्कोर्टसारखे दमदार विजेते आले होते, तो स्पर्धेबाहेर होता. त्यामुळे त्या दोन चषकांना किंमत नाही असे मी म्हणणार नाही, पण मैदान नेहमीएवढे भरलेले नव्हते हे विसरूनही चालणार नाही.

अदेबाजो १९६९ मध्ये वारले. एकट्या माणसाच्या हौसेवर उभ्या असलेल्या क्लबाचा कारभार सहसा येथेच आटोपतो. ‘स्टोअर्स’च्या बाबतीत तसे झाले नाही, आणि हा क्लब लक्षात ठेवण्याजोगा आहे तो नेमका यामुळे. संस्थापकाच्या माघारी समर्थकांनी संघाला ‘अदेबाजो बेब्स’, म्हणजे अदेबाजोंची लेकरे, असे म्हणायला सुरुवात केली. ‘फ्लेमिंग फ्लेमिंगोज्’ हे दुसरे नाव आणि ‘अप सुपर!’ ही आरोळी लागोसच्या मैदानांवर अनेक वर्षे दुमदुमत राहिली. सत्तरच्या दशकात हारुना इलेरिका या मधल्या फळीतल्या खेळाडूने लोकांना वेड लावले. १९८१ मध्ये संघ आफ्रिकी कप विनर्स कपच्या, म्हणजे देशोदेशीच्या चषकविजेत्यांच्या स्पर्धेच्या, अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि तेथे कॅमेरूनच्या युनियन दुआलाकडून हरला. १९८२ आणि १९९० मध्ये पुन्हा चॅलेंज कप आला. पुढे नायजेरियाच्या गोलपोस्टमध्ये वर्षानुवर्षे उभा राहिलेला पीटर रुफाई ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धात याच संघाचा गोलरक्षक होता. आणि १९९२ मध्ये, म्हणजे राजधानी लागोसमधून हलल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात, ‘स्टोअर्स’ने राष्ट्रीय लीगही जिंकली.

मालकाला काय मिळाले, हा आपला प्रश्न. नफा तर नाहीच. पण रेडिओवरून सामन्याचे वर्णन ऐकणारा प्रत्येक माणूस दर पाच मिनिटांनी कंपनीचे नाव ऐकत होता, आणि अशी जाहिरात पैसे टाकूनही विकत मिळत नाही. अडचण अशी की या व्यवहारात नाव हळूहळू कंपनीच्या हातून निसटते. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील लागोसकराला ‘स्टोअर्स’ म्हटल्यावर वह्या आठवत नव्हत्या, खेळाडू आठवत होते. कायद्याने मात्र क्लब अदेबाजो कुटुंबाचाच होता. मनाने मालक झालेले हजारो समर्थक आणि कागदावर मालक असलेले मोजके वारस यांच्यातील हे अंतर कोणी वेळीच मिटवले नाही. नव्वदच्या दशकात मालकीवरून वाद पेटले, प्रकरण न्यायालयांत गेले आणि विजेता संघ काही वर्षांतच वरच्या श्रेणीतून दिसेनासा झाला. त्यानंतर क्लब पुन्हा उभा करण्याचे प्रयत्न झाले, परंतु जुने वैभव परतले नाही.

प्रश्न : १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये नायजेरियाने ब्राझीलला बरोबरीत रोखले आणि तो संघ म्हणजे जवळजवळ ‘स्टेशनरी स्टोअर्स’च होता, असे मी वाचले. यात तथ्य किती? (वाचक, पुणे)

पहिला भाग पूर्ण खरा आहे. सामना पुएब्ला येथे झाला आणि ३–३ असा सुटला. ऑलिंपिकमध्ये त्या काळी हौशी खेळाडूंनाच प्रवेश असल्यामुळे हा ब्राझील म्हणजे पेलेचा ब्राझील नव्हता, एवढी सूट मनात धरून वाचावे. आधीच्या दोन सामन्यांत नायजेरिया जपानकडून १–३ आणि स्पेनकडून ०–३ असा हरला होता, त्यामुळे पुढच्या फेरीचा प्रश्नच उरला नाही.

दुसरा भागही बराचसा खरा आहे. त्या संघाचा मोठा भाग, गोलरक्षक पीटर फ्रेगेने याच्यासह, ‘स्टोअर्स’च्या खेळाडूंचा होता. युद्धामुळे निवड ज्या खेळाडूंतून करायची तेच कमी झाले होते, आणि राजधानीत एकत्र सराव करणारा तयार संघ निवडकर्त्यांच्या डोळ्यांसमोर होता, हेही त्याचे कारण असावे. ‘जवळजवळ सगळा’ हा शब्दप्रयोग मात्र समर्थकांच्या उत्साहातून आलेला आहे.

प्रश्न : बांधकाम कंपनी ज्युलियस बर्गरचाही लागोसमध्ये फुटबॉल क्लब होता असे कळते. तो कंपनीच्या कामगारांचा संघ होता की व्यावसायिक क्लब? (निवृत्त स्थापत्य अभियंता, नागपूर)

सुरुवात एका गोष्टीने आणि शेवट दुसऱ्या गोष्टीने झाला. मूळच्या या जर्मन कंपनीला नायजेरियात पहिले मोठे काम मिळाले ते १९६५ मध्ये, लागोसमधील एको पुलाचे. क्लब स्थापन झाला १९७२ मध्ये, आणि पूल बांधणाऱ्यांचा संघ म्हणून त्याला ‘ब्रिज बॉईज’ हे नाव पडले. राष्ट्रीय लीगही त्याच वर्षी सुरू झाली. पुढील दोन दशकांत हा संघ कामगारांच्या संध्याकाळच्या खेळापासून फार दूर गेला. १९९१ आणि २००० मध्ये त्याने लीग जिंकली, १९९६ आणि २००२ मध्ये देशाचा चषक जिंकला, आणि आफ्रिकी कप विनर्स कपच्या अंतिम फेरीत दोनदा धडक मारली. १९९५ मध्ये अल्जीरियाच्या जेएस काबिलीने त्यांना हरवले. २००३ मधील हार अधिक जिव्हारी लागणारी होती. ट्युनिशियाच्या एत्वाल द्यु साहेलविरुद्ध पहिला सामना २–० असा जिंकून ते परतीच्या सामन्यात ०–३ असे हरले. ती त्या स्पर्धेची शेवटची अंतिम फेरी ठरली, कारण पुढच्या वर्षीपासून ती दुसऱ्या एका स्पर्धेत विलीन करण्यात आली.

या क्लबाचे खरे मोल मला खेळाडू घडवण्यात दिसते. संडे ओलिसेह, मुतिउ अदेपोजू, इमॅन्युएल अमुनिके, तारिबो वेस्ट, गर्बा लावल हे सर्व युरोपातील किंवा आफ्रिकेतील मोठ्या क्लबांकडे जाण्यापूर्वी कधी ना कधी बर्गरकडून खेळले. एप्रिल १९९४ मध्ये ट्युनिसला आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यात झांबियाविरुद्ध नायजेरियाने २–१ असा विजय मिळवला, आणि ते दोन्ही गोल अमुनिकेचे होते.

किंबहुना १९९४ चा तो संपूर्ण संघच या दृष्टीने पाहावा. त्याच वर्षी नायजेरिया पहिल्यांदा विश्वचषकात खेळला. कर्णधार स्टीफन केशीची सुरुवात लागोसच्या आफ्रिकन कॉन्टिनेंटल बँकेच्या संघातून झाली आणि नंतर तो बेनिन सिटीच्या न्यू नायजेरिया बँकेच्या संघात गेला. विश्वचषकात देशाचा पहिला गोल करणारा आणि नंतर जाळे दोन्ही हातांनी धरून रडणारा रशिदी येकिनी कादुनाच्या युनायटेड नायजेरियन टेक्स्टाइल्स या कापड गिरणीच्या संघातून पुढे आला. गोलरक्षक रुफाई ‘स्टोअर्स’चा. युरोपातील प्रशिक्षकांनी या पिढीला पैलू पाडले असतील, पण बँक, गिरणी, बांधकाम कंपनी आणि कागदाचे दुकान यांच्या हजेरीपटांवर या मुलांची नावे आधी चढली नसती तर पैलू पाडायला हाती कोणीच लागले नसते. येकिनीची ती गिरणी २००७ मध्ये बंद पडली.

बर्गरच्या क्लबाचा शेवट विशेष गाजावाजा न होता झाला. कंपनीने हळूहळू अंग काढून घेतले, नाव बदलून ‘ब्रिज एफसी’ झाले आणि संघ खालच्या पायऱ्यांकडे सरकत गेला. ‘स्टोअर्स’साठी लोक न्यायालयात भांडले. बर्गरसाठी तसे कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही. कारभार नीटनेटका होता, खेळाडू उत्तम होते, पण या संघाच्या मागे शहराचा एखादा मोहल्ला कधीच पूर्णपणे उभा राहिला नव्हता.

प्रश्न : आमच्याकडे गोव्यात धेंपो, साळगावकर, सेझा असे खाण कंपन्यांचे क्लब होते. लागोसमध्ये जे घडले ते आणि गोव्यात घडले ते एकच म्हणावे का? (वाचक, मडगाव)

साम्य आहे, पण कारणे वेगळी आहेत, आणि मला तो फरक महत्त्वाचा वाटतो.

नायजेरियात सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला. १९७२ आणि १९७७ च्या कायद्यांनी परदेशी कंपन्यांना आपले भाग स्थानिकांना विकणे भाग पडले, आणि स्थानिक समाजात आपले नाव चांगले राहावे ही गरज प्रत्येक बड्या कंपनीला जाणवू लागली. फुटबॉल क्लब हा त्यासाठी सोपा उपाय होता. सर्वांत ठळक उदाहरण लागोसबाहेरचे, इबादानचे आहे. ग्रीक-सायप्रियट व्यापारी घराण्याच्या लेव्हेंटिस कंपनीने १९८२ मध्ये लेव्हेंटिस युनायटेड काढला. त्याने १९८४ आणि १९८६ मध्ये देशाचा चषक आणि १९८६ मध्ये लीगही जिंकली, शिवाय १९८५ मध्ये कप विनर्स कपच्या अंतिम फेरीत कैरोच्या अल अहलीशी झुंज दिली, आणि १९८७ मध्ये कंपनीने तो चक्क विसर्जित केला. पाच वर्षांत जन्म, शिखर आणि मृत्यू. देशाचा विजेता संघ एका ठरावाने नाहीसा होऊ शकतो, हे तेथील प्रेक्षकांना त्या वर्षी कळले.

हे घडले तो काळही पाहावा. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि त्याच वर्षी सरकारने संरचनात्मक फेररचनेचा कार्यक्रम स्वीकारला. नायरा या तेथील चलनाचे मूल्य घसरू लागले, आयात महागली आणि कंपन्यांच्या खर्चाला कात्री लागली. अशा वेळी पहिली कात्री कोठे लागते हे कोणत्याही हिशेबनिसाला विचारावे. त्यानंतर १९९० मध्ये लीग व्यावसायिक झाली. कर्मचाऱ्याला पगारासोबत चेंडू देणे आणि व्यावसायिक खेळाडूशी करार करणे यांत फार फरक आहे, आणि तो खर्च पेलण्याची तयारी मोजक्याच कंपन्यांची होती. रिकामी झालेली जागा हळूहळू राज्य सरकारांनी भरली. आज तेथील वरच्या श्रेणीतील बहुसंख्य क्लब राज्य सरकारांच्या पैशावर चालतात, आणि राज्यपाल बदलला की खेळाडूंच्या पगाराची चिंता सुरू होते.

गोव्यात घाव दुहेरी होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणकाम थांबले, तेव्हा क्लबांना पोसणारा धंदाच थांबला. तरीही क्लब काही वर्षे टिकले. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले ते मुख्यतः देशाच्या फुटबॉलचा आराखडा बदलून त्यांना दुय्यम स्थान दिले जात होते म्हणून. मुंबईत महिंद्र युनायटेडचा संघ त्याआधीच, २०१० मध्ये घोषणा करून, कंपनीने गुंडाळला होता. म्हणजे महिंद्रचा शेवट लेव्हेंटिससारखा होता, गोव्याचा नव्हे. धेंपो आणि साळगावकर यांनी निदान तरुणांचे संघ आणि राज्याची लीग सोडली नाही. मालकांना गावातच राहायचे होते, हा त्यातला मोठा भाग आहे असे मला वाटते. लेव्हेंटिसला इबादानच्या रस्त्यावर कोणी जाब विचारणार नव्हते.

जाता जाता, आपल्या गावचा आणि नायजेरियाचा थेट धागा आपण विसरला नसालच. धेंपोचा रँती मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली हे दोघेही नायजेरियन होते. त्या काळात गोव्याच्या क्लबांनी जिंकलेल्या राष्ट्रीय विजेतेपदांतील गोलांचा मोठा वाटा या दोघांचा आहे. लागोसमध्ये कंपन्यांचे क्लब ओसरत असताना तेथील तरुण स्ट्रायकर गोव्याच्या उद्योगपतींच्या क्लबांत पगार घेत होते.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात संघ तालमींचे आणि पेठांचे आहेत, कंपनीचा पैसा नाही तरी स्टेडियम भरते. पश्चिम आफ्रिकेत लोकांनी चालवलेले क्लब कंपन्यांच्या क्लबांपेक्षा जास्त टिकले का? (वाचक, कोल्हापूर)

काही ठिकाणी टिकले. घानाच्या राजधानीतील, अक्राचा हार्ट्स ऑफ ओक १९११ पासून आजतागायत खेळतो आहे. पण नियम म्हणून हे सांगता येणार नाही, आणि लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया हे त्याचे उलट उदाहरण आहे.

मनरोव्हियात मायटी बरोल आणि इन्व्हिन्सिबल इलेव्हन हे लोकांचे दोन क्लब. त्यांच्यातील वैर आपल्या पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांच्या सामन्याइतकेच कडवे असे. जॉर्ज वेआ, जो १९९५ मध्ये जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१८ मध्ये देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला, तो दोन्ही क्लबांकडून खेळला होता. (त्या दिवसांत पोटासाठी तो दूरसंचार महामंडळात स्विचबोर्ड तंत्रज्ञ होता.) १९८९ ते २००३ या काळात देश दोन यादवी युद्धांतून गेला. लोक विखुरले, तिकिटाचे पैसे मोडकळीला आलेल्या शहरात कोठून येणार? अशा वेळी ज्यांच्यामागे पगाराचा निश्चित स्रोत होता ते क्लब वर आले. लायबेरिया पेट्रोलियम रिफायनिंग कंपनी (एलपीआरसी) या सरकारी तेल कंपनीच्या एलपीआरसी ऑयलर्सने १९९९, २००२ आणि २००५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये लीग जिंकली, तर लोकांच्या दोन्ही जुन्या क्लबांवर खालच्या श्रेणीत खेळण्याची वेळ आली. गंमत अशी की कंपनीच्या नावात ‘रिफायनिंग’ असले तरी तिची तेलशुद्धी ऐंशीच्या दशकातच थांबली. बाहेरून आलेले इंधन साठवणे हे तिचे आजचे मुख्य काम आहे.

तेव्हा उत्तर असे की गर्दी ही क्लबाची ताकद खरी, पण गर्दीच्या खिशात तिकिटापुरते पैसे असतील तोपर्यंतच. कोल्हापूरने ही अडचण अजून तरी पाहिलेली नाही.

प्रश्न : मी तीस वर्षे जहाजावर होतो. आमच्या कितीतरी जहाजांच्या मागच्या बाजूला ‘मनरोव्हिया’ लिहिलेले असे, पण ते शहर मी कधी पाहिले नाही. तेथे लिस्कर नावाचा फुटबॉल क्लब आहे असे समजले. जहाजांच्या नोंदणीशी त्याचा काही संबंध आहे का? (निवृत्त खलाशी, दापोली)

नाव तेच आहे. लायबेरियाचा ध्वज लावणाऱ्या जहाजांची नोंदणी १९४८ च्या कायद्यापासून सुरू आहे आणि आज ती जगातील सर्वांत मोठ्या नोंदण्यांपैकी एक आहे. २००० पासून हे काम ज्या कंपनीकडे आहे तिच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे म्हणजे ‘लिस्कर’. तिचा मुख्य कारभार मनरोव्हियातून नव्हे, तर अमेरिकेतील व्हर्जिनियातून चालतो. त्याच नावाने खेळणाऱ्या लिस्कर एफसीने लायबेरियाची लीग एकाहून अधिक वेळा जिंकली आहे, आणि क्लबाचे प्रमुख मुस्तफा राजी २०१८ मध्ये देशाच्या फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. कोकणातल्या कितीतरी घरांची चूल ज्या ध्वजाखालच्या नोकरीवर पेटली, त्या ध्वजाच्या नोंदणीचे नाव मनरोव्हियातल्या मुलांच्या जर्सीवर आहे, हे मला आपल्या पत्रामुळेच येथे नोंदवता आले.

प्रश्न : आज लागोसमध्ये असा एखादा क्लब उरला आहे का? (वाचक, ठाणे)

जुन्या अर्थाने, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या हजेरीपटावर खेळाडू असलेला, कंपनीचा क्लब वरच्या श्रेणीत नाही. नव्या अर्थाने आहे. ऑनलाइन पैसे भरण्याची सेवा देणाऱ्या पेस्टॅक कंपनीचे एक संस्थापक शोला अकिनलाडे यांनी २०२२ मध्ये स्पोर्टिंग लागोस हा क्लब सुरू केला. त्यांनी क्लबाला कंपनीचे नाव न देता शहराचे दिले, हा अदेबाजोंपेक्षा वेगळा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, कारण ‘स्टोअर्स’चा वाद शेवटी नाव कोणाचे यावरच अडला होता. संघ २०२३ मध्ये वरच्या श्रेणीत चढला आणि एका हंगामातच पुन्हा खाली गेला. सामने होतात ते लागोस बेटावरच्या ओनिकान मैदानावर, जे आता मोबोलाजी जॉन्सन यांच्या नावाने ओळखले जाते. मालकाने स्वतःचे मैदान विकत घेतले, की सरकारी मैदान भाड्यानेच घेत राहिला, यावर पुढील दहा वर्षांत माझे लक्ष असेल. रेल्वेपासून बर्गरपर्यंतच्या यादीत खेळाडू, चषक आणि समर्थक भरपूर सापडतात, पण कंपनीने हात काढून घेतल्यावरही क्लबाला उत्पन्न देत राहील अशी जमीन मागे राहिल्याचे उदाहरण मला त्यात दिसत नाही.